निखाऱ्यांवरची डाळ

निम्मोला सर्दी झाली होती, त्यामुळे त्या दिवशी मी सकाळपासूनच घाबरलेली होते. तशी मी रोजच घाबरलेली असते. सात महिन्यांची पोर नेहमीपेक्षा जरा जास्त झोपली की मी तिला हलवून जागी करते, मग ती भोकाड पसरते आणि मी बोलणी खाते. माझी नणंद सुक्खी मला 'चौकीदार भाभी' म्हणते. सासूबाई, म्हणजे बीजी, म्हणतात, "इशमीत, तुझ्या कॉलेजात घाबरण्याची परीक्षा असती ना, तर तुझा पहिला नंबर ठरलेला." मी हसून सोडून देते. त्यांनी चार पोरं वाढवली आहेत, मी अजून एकही पुरती वाढवलेली नाही.

आमच्या लग्नाचा वाढदिवस होता. याआधी दरवर्षी माझा नवरा बलतेज या दिवशी मला बस स्टँडमागच्या 'शेरगिल तंदूर'मध्ये घेऊन जायचा. यंदा त्याच्या बॅटच्या कारखान्यात काम निम्म्यावर आलेलं, तेव्हा हॉटेलचं नाव कुणी काढलं नाही. शेवटी मीच म्हणाले, घरी करू सगळं. शाही पनीरला काजूऐवजी टरबुजाच्या बिया वाटायच्या, पनीर घरीच दूध फाडून करायचं, नान तवा उलटा करून भाजायचे. क्रीमच्या जागी दुधावरची साय मी आठवडाभर साठवत होते. अडलं ते फक्त दाल मखनीपाशी. शेरगिलमधली डाळ गॅसवर होतच नाही. तंदूर विझत आला की तिचं पातेलं निखाऱ्यांवर ठेवून देतात आणि ती मंद मंद रटरटत राहते, त्यातच तिची चव. घरी तेवढा वेळ गॅस जाळला असता तर सिलिंडर महिन्याच्या मध्येच संपला असता.

"मग शेगडी काढ ना," बीजी म्हणाल्या. "जिन्याखाली पडलीय माझी. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून कोळसा आण पिशवीभर, तो स्वस्तात देतो. हॉटेलवाल्यांच्या आधी डाळ निखाऱ्यावर आम्ही शिजवायचो, पुत्तर. त्यांनी नुसतं नाव ठेवलं नि पैसे लावले."

ही कल्पना मला आवडली होती. सकाळी मी गच्चीत शेगडी पेटवली. आम्ही वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो. एक मोठी खोली, तिला लागून चिंचोळं स्वयंपाकघर, आणि खोलीचं दार उघडलं की थेट गच्ची. आधी पुष्कळ धूर झाला, मग कोळसे लाल झाले. कुकरमध्ये मऊ केलेले उडीद आणि राजमा पातेल्यात ओतून, टोमॅटो घालून, मी ते शेगडीवर ठेवलं. जानेवारीतलं जालंधर, धुकं इतकं दाट की गच्चीचा कठडासुद्धा दिसत नव्हता. डाळीचा वास मात्र खोलीत येत होता.

दुपारी धुक्यातून पाणी गळायला लागलं. कोळशांवर थेंब पडून चर्रर्र आवाज होऊ लागला.

"आत घे ती शेगडी," बीजी म्हणाल्या. "डाळही होईल, खोलीही गरम होईल. हिटर लावायला नको. माझे गुडघे तरी सुटतील जरा."

"बीजी, बंद खोलीत कोळसा नको. वायू साठतो त्याचा."

"कसला वायू? धूर दिसतोय तुला?" त्यांनी स्वतःच फडक्यानं धरून शेगडी आत आणली. "कोळसा काळा असतो तोवर त्याचा त्रास. हा बघ, कसा लाल झालाय. लाल कोळशाला दोष नसतो. अख्खी हयात शेगडीपाशी गेली माझी, मेले का मी?"

सुक्खी रजईतून मोबाइलवरची नजर न काढता म्हणाली, "भाभी, तू खिडकीत उभी राहून वायूची तिकिटं तपास."

मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं आहे. कोळसा अर्धवट जळाला की जो वायू होतो, त्याला रंग नसतो आणि वासही नसतो, हे मी परीक्षेत लिहिलेलं होतं. तरी मी बलतेजला फोन केला. मागे यंत्रांचा खडखडाट चालू होता.

"खिडकी उघडी ठेव आणि डाळ सांभाळ," तो ओरडून म्हणाला. "आजच्या दिवस तरी घाबरू नकोस, राणी."

मी खिडकी वीतभर उघडली. पडदा हलायला लागला. तो हलताना मी थोडा वेळ बघत राहिले, आणि मग आत दूध फाडायला गेले. स्वयंपाकघराच्या झरोक्यात थंडीसाठी आम्ही वर्तमानपत्रं कोंबलेली होती. ती काढावीत असं मनात आलं, पण हात दुधात होते. ते फाटलं, गाळलं, पनीर फडक्यात बांधून त्यावर वरवंटा ठेवला. बिया वाटल्या. मधूनमधून बाहेर येऊन डाळ ढवळत होते. ती आता काळसर दिसत होती, दाट, कडेला चकचकीत. शेरगिलची दिसते तशी.

निम्मो बीजींच्या कुशीत रजईखाली झोपली होती. बीजी म्हणाल्या, "बघ, ऊब मिळाली तर पोरीच्या गालांवर कसा रंग चढलाय. नाहीतर तू तिला सारखी उठवून उठवून पिवळी केली होतीस."

गाल खरंच गुलाबी होते. आज हिला हलवायचं नाही, असं मी ठरवलं.

बिया वाटतानाच माझं कपाळ ठणकायला लागलं. छाती धडधडत होती. मला ते नवीन नव्हतं. घाबरले की मला असंच होतं. डोकं जड होतं, पोटात ढवळतं, हातापायांतलं बळ जातं. डॉक्टरांनीही एकदा सांगितलं होतं, तुम्हाला काही झालेलं नाही, तुम्ही काळजी फार करता. मी खोलीत येऊन भिंतीला टेकून बसले आणि स्वतःला समजावलं. खिडकी उघडी आहे. पडदा आहे तिथेच आहे. सगळे ठीक आहेत. घाबरणारी मी एकटीच आहे.

"भाभी," सुक्खी म्हणाली, "तुझ्या फोडणीनं डोकं फुटतंय माझं. मळमळतंय."

"चहा टाक गं, इशमीत," बीजी म्हणाल्या. "माझ्याही डोक्यात ठोके पडतायत."

"टाकते, बीजी."

मी उठले नाही. उठावंसं वाटेना. बीजींच्या हातातलं विणकाम मांडीवर पडलं होतं, सुई एका बाजूला घसरली होती.

"चहा टाक गं," बीजी म्हणाल्या.

"टाकते म्हटलं ना."

"चहा टाक गं."

त्याच आवाजात. मी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे मिटलेले होते.

माझं डोकं माझ्या भीतीनं दुखत असेल. पण बीजींचं का दुखावं? सुक्खीला का मळमळावं? या दोघी तर कशालाच घाबरत नाहीत. एवढा साधा विचार करायलाही मला फार वेळ लागला, जणू कुणीतरी तो माझ्या हातातून काढून घेत होतं. मग मी पडद्याकडे पाहिलं.

पडदा हलत नव्हता.

मी भिंत धरून खिडकीपर्यंत गेले आणि पडदा ओढला. खिडकी बंद होती. वरची कडी लावलेली होती आणि खालच्या फटीत बीजींची जुनी शाल घट्ट कोंबलेली होती.

"खिडकी कुणी लावली? बीजी! खिडकी कुणी लावली?"

"पोर शिंकत होती," बीजी म्हणाल्या, आणि त्यांचं डोकं खांद्यावर कललं.

मी कडीला हात घातला. बोटं तिच्यावरून घसरत होती. दोनदा प्रयत्न केला आणि सोडून दिला, कारण निम्मो तिकडे रजईखाली होती आणि इतक्या आरडाओरड्यातही ती जागी झाली नव्हती.

मी तिला उचललं. तिची मान मागे पडली. तिचे हात कपड्याच्या बाहुलीसारखे लोंबले. गाल तसेच गुलाबी होते. मी "निम्मो, निम्मो" म्हणत तिला हलवलं, जोरात हलवलं, आणि तिनं काही केलं नाही. रडली नाही, तोंड वाकडं केलं नाही.

दार चार पावलांवर होतं. माझे गुडघे मधेच वाकले, म्हणून उरलेलं अंतर मी रांगत गेले. एका हातानं तिला छातीशी धरलं होतं. दमट हवेनं दार फुगलं होतं, खालची कडी निघाली पण ते हलेना. मी खांद्यानं धक्का दिला. पुन्हा दिला. मला फक्त एवढंच कळत होतं की मी इथे झोपले तर सगळ्याच झोपू. मग मी बसकण मारली, पाठ बाजूच्या कपाटाला लावली आणि दोन्ही पायांनी दार लाथाडलं. ते उघडलं, आणि थंड हवा तोंडावर थपडेसारखी आली.

मी निम्मोला घेऊन गच्चीच्या ओल्या फरशीवर पडले.

"आंटी!" मी कठड्याच्या दिशेनं ओरडले. "दर्शना आंटी! वर या! कुणीतरी वर या!"

खालच्या दर्शना आंटींना माझ्या हाका मारण्याची सवय आहे. खालूनच त्या म्हणाल्या, "आता काय झालं गं? पुन्हा शिंकली?"

"आंटी, ती उठत नाहीये!"

मग जिन्यावर चपलांचा आवाज आला.

माझ्या मांडीवर निम्मो होती आणि मागे उघड्या दारातून बीजींचे पाय दिसत होते. निम्मोला ओल्या फरशीवर ठेवून आत जाणं मला जमेना. न जाणंही जमेना. मी तिच्या नाकाशी गाल नेला. काहीच लागलं नाही. माझाच श्वास इतका मोठा झाला होता की तिचा कळत नव्हता. मी तोंड घट्ट मिटलं, श्वास धरला, पुन्हा गाल नेला. अगदी बारीक काहीतरी लागलं. असेल किंवा नसेल.

दर्शना आंटी वर आल्या, दारातून एक नजर टाकली आणि पदर नाकाला लावून आत घुसल्या. सुक्खी भिंतीच्या कडेनं रांगत बाहेर आली आणि फरशीवरच ओकली. आंटींनी बीजींना काखेत हात घालून ओढत आणलं. बीजींची एक चप्पल दारातच राहिली.

"शेगडी!" आंटी बीजींच्या अंगावर ओरडल्या. "बंद खोलीत शेगडी, बीजी? एवढे केस पांढरे करून?"

बीजींनी डोळे उघडले. आधी कुणाकडेच पाहिलं नाही. मग म्हणाल्या, "पोर?"

मी निम्मोला छातीशी आणखी घट्ट धरलं.

आंटींनी खालून रिक्षा थांबवली आणि बीजींनाही आमच्याबरोबर आत बसवलं. धुक्यात रिक्षावाला दिवे लावून हळूहळू चालला होता आणि मी "जोरात चला, भाऊ, जोरात" एवढंच म्हणत होते. निम्मोचे तळवे चोळत होते. शेजारी सुक्खी मला घट्ट धरून रडत होती. "भाभी, मी चेष्टा केली, भाभी," ती सारखी म्हणत होती. मी तिला गप्प बस म्हटलं, कारण निम्मोचा श्वास मला ऐकू येत नव्हता.

चौकापलीकडच्या दवाखान्यात तिला माझ्या हातातून काढून घेतलं. बीजींना दुसऱ्या पलंगावर घातलं. निम्मोच्या चेहऱ्यावर प्राणवायूचा मास्क लावला, तो तिच्या चेहऱ्यापेक्षा मोठा होता, म्हणून नर्सनं तो हातानं दाबून धरला. डॉक्टरांनी विचारलं, "किती वेळ होती त्या खोलीत?"

मला सांगता येईना. खिडकी केव्हा बंद झाली तेच मला ठाऊक नव्हतं.

"श्वास चालू आहे," ते म्हणाले. "बाकी ती शुद्धीवर आल्याशिवाय काही सांगत नाही मी."

बीजींनी आपला मास्क ओढून काढला. "माझा पण तिला लावा. मला काय करायचाय?"

"आजी, तिला तिचा आहे. तुमचा लावा बघू."

"दोन लावा तिला."

सुक्खीनं फोन केल्यावर बलतेज आला, तेव्हा त्याच्या केसांत लाकडाचा भुसा होता. तो दारातच थांबला. मास्कखाली निम्मोचा चेहरा दिसतच नव्हता, फक्त एक छोटा हात चादरीवर पडला होता, तळवा वर करून.

"मीच सांगितलं तुला, घाबरू नकोस म्हणून," तो म्हणाला.

मी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्या हाताकडे बघत होते. नजर हलवली तर काहीतरी निसटेल असं वाटत होतं. हाताची करंगळी हलली का? घाबरलेल्या माणसाला हवं ते दिसतं, हे मला चांगलं ठाऊक आहे. मग सगळी बोटं मिटली. मग कपाळाला आठी पडली, आणि निम्मोनं मान झटकून मास्क बाजूला सारायचा प्रयत्न केला, आणि तिचं तोंड उघडलं.

आधी आवाजच आला नाही. मग आला.

ती इतकी रडली की बाजूच्या खोलीतून कुणीतरी कण्हत कुरकुरलं. रागानं लाल होऊन, पाय झाडत, मास्कच्या आतून ती ओरडत होती. डॉक्टर धावत आले, डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं, हात-पाय हलवून पाहिले. "ठीक दिसतंय," ते म्हणाले. "पण आज रात्री इथेच ठेवू. पुढचे काही आठवडे नीट लक्ष ठेवा. दूध पिताना, मान धरताना, बघताना, काही वेगळं वाटलं तर लगेच घेऊन या. या वायूचा त्रास नंतरही उद्भवतो कधीकधी."

नंतरही. मी मान डोलावली.

"अहो, जरा शांत करा हिला," नर्स म्हणाली. "पेशंट झोपलेत पलीकडे."

बीजी पलंगावर उठून बसल्या. मास्क गळ्यात लोंबत होता. "रडू दे," त्या म्हणाल्या. "खबरदार कुणी गप्प केलंत तर. रडू दे तिला."

निम्मो रडत राहिली. मग मध्येच श्वास घ्यायला ती थांबली, आणि तेवढ्या वेळात खोलीत कुणी हललं नाही. बलतेज नाही, सुक्खी नाही, बीजीही नाहीत. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते.

ती पुन्हा रडायला लागली, तेव्हा बीजींनी चाचपडत माझा हात धरला. नजर मात्र त्यांनी निम्मोच्या तोंडावरून काढली नाही.