लुंगीचा बोळा

लवू शिवलकर खोकतो तो विडीमुळे, हे आमच्या वाडीत लहानथोर सगळ्यांना माहीत आहे. ते माहीत करून देण्यात माझाही हात होता.

लवू माझा शेजारी. आमच्या दोन घरांच्या मध्ये कमरेएवढा दगडी गडगा आहे आणि संध्याकाळी आम्ही दोघे त्या गडग्यावर बसलेले असतो. एके काळी दोघेही बोटीवर होतो. मी फिटर, तो खलाशी. अकरा वर्षांपूर्वी त्याच्या छातीने दगा दिला, डॉक्टरांनी बोटीवर जायची कायमची मनाई केली, आणि डोलकाठीवर सरसर चढणारा माणूस घरी बसला. खोकल्याची उबळ आली की आतून त्याच्या बायकोचा, मथुराचा, आवाज येतो, "ओढा अजून!" दिवसातून दहा वेळा तरी. इकडे माझी बायको गंगा भाकरी थापता थापता हसते. इतकी वर्षं मीही हसत आलो.

बोट सोडल्यावर मला घरी बसवेना. घरी बसलो की मी गंगाच्या फोडणीत चुका काढतो आणि मग भांडण होतं. म्हणून गेली चार वर्षं मी रत्नागिरीजवळच्या एका धक्क्यावर कामाला जातो. दुरुस्तीला आलेल्या बोटींचे एअर कंडिशनचे डक्ट साफ करायचे. डक्ट म्हणजे छताआडून प्रत्येक केबिनला हवा नेणारा पत्र्याचा बोगदा. नातेवाईक विचारतात, 'म्हणजे तू झाडू मारतोस?' मारतो. पण बोटीवर खिडकी उघडून वारा खाता येत नाही. त्या बोगद्यातून जे येईल तेच माणसाने छातीत भरून घ्यायचं. धूळ येवो, बुरशी येवो, तक्रार कुणाकडे करणार? हे मी बोटीवर असताना मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

आमची साहेब मृणाली. वय सव्वीस. ती दापोलीची, त्यामुळे थंड हवेबद्दल बोलायचा हक्क आपलाच असं तिला वाटतं. मी तिला चारचौघांत मॅडम म्हणतो आणि ती मला आत्मारामकाका. लांब केबलच्या टोकाला बसवलेला कॅमेरा ती डक्टमध्ये सोडते, पडद्यावर बघते, आणि मग आम्ही ब्रश आणि मोठा व्हॅक्यूम घेऊन भिडतो.

एका गुरुवारी एका मालवाहू बोटीवर खलाशांच्या केबिनची सफाई चालू होती. दोन माणसांची केबिन, वर-खाली झोपायचे दोन बाक. छताआडून एक नळी येते, तिला पुढे दोन फाटे फुटतात. एक तोंड वरच्या बाकावर, दुसरं खालच्या. आता या तोंडांना खलाशी काय काय चिकटवतात ते मला नवीन नाही. पुठ्ठा, वर्तमानपत्र, औषधाच्या पट्ट्या. आपल्याकडच्या माणसाला समुद्रावरचं वादळ चालतं, पण डोक्यावर सुटलेला गार वारा चालत नाही. तो बाधतो. त्या केबिनमधला खलाशी देवगडकडचा होता. तोही हसत म्हणाला, "गार वाऱ्यान कान ठणकतो ओ काका."

मृणालीने कॅमेरा आत सारला आणि थांबली. "काका, हे काय आहे?"

पडद्यावर काळं, ओलं, केसाळ काहीतरी होतं. मांजर मरून पडलंय असंच मला आधी वाटलं. मग एका कडेला चौकडी दिसली. निळी-पांढरी चौकडी.

"लुंगी," मी म्हणालो. "लुंगीचा बोळा आहे."

"इतक्या आत?"

"कोंबून कोंबून सरकत गेला असणार."

चिमट्याने आम्ही तो बाहेर ओढला. हातभर लांब, बुरशीने बरबटलेला. मृणाली मास्कमधूनच बोलत होती, नेहमीसारखी, शिकवल्यासारखी. "गंमत बघा काका. ज्याने हा कोंबला त्याला काहीच झालं नसेल. त्याच्या बाकावरच्या तोंडातून हवाच येत नव्हती. पण बोळा फाट्यावर अडकला, तिथे पाणी धरून राहिला, आणि दुसऱ्या तोंडाची सगळी हवा याला घासून जात होती. भोगलं असेल ते खाली झोपणाऱ्याने."

मी मान डोलावली. मग मोबाइल काढून त्या बोळ्याचा फोटो घेतला.

कारण अकरा वर्षांपूर्वी आखातातल्या एका बोटीवर वरच्या बाकावर मी होतो आणि खालच्या बाकावर लवू. बाहेर लोखंड तापून हात भाजायचे, आत दात वाजायचे. माझा उजवा कान ठणकायचा. मी जुनी लुंगी अर्धी फाडली, तिचा बोळा केला आणि माझ्या बाकावरच्या हवेच्या तोंडात ठासला. सैल झाला की मुठीने आणखी आत ढकलायचो. एक दिवस तो हाताला लागेना. गेला कुठे, हे मी बघितलंसुद्धा नाही. कान ठणकायचा थांबला ना, संपलं. तिसऱ्या महिन्यात लवू खोकू लागला. सहाव्या महिन्यात त्याला उतरवून घरी पाठवलं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. मी सुट्टीवर आलो तेव्हा मथुरा गडग्यापाशी आली होती. "भावोजी, खरा सांगा. हे बोटीवर विडी ओढत होते?" जाण्याआधी लवूने तिच्या डोक्यावर हात ठेवून विडी सोडली होती, हे मला माहीत होतं. बोटीवर मी त्याला ओढताना कधी पाहिलं नव्हतं. पण विडी ओढणाऱ्यांच्या घोळक्यात तो उभा असायचा, गप्पांसाठी. मी म्हणालो, "ओढत असणार." त्या एका 'असणार'वर मथुराने अकरा वर्षं काढली. मग मी तेच नाक्यावर सांगितलं, देवळात सांगितलं, दोन लग्नांत सांगितलं.

तीन दिवस मी लवूशेजारी गडग्यावर बसलो आणि हवापाण्याच्या गप्पा मारल्या. डॉक्टरला विचारलं तर तो म्हणेल, इतक्या वर्षांनी कसं सांगणार, कशानेही झालं असेल. ते मला पाठ झालं होतं, आणि त्याचा मला फार आधार वाटत होता. सांगितलं तर लवू गडग्यावर बसणं सोडेल. या वयात दुसरा मित्र कुठून आणू? मला भीती वाटत होती, साधी सरळ भीती. पण तो खोकला की ती निळी चौकडी डोळ्यांसमोर यायची, आणि आतून आवाज यायचा, "ओढा अजून!"

रविवारी सकाळी मी गडगा ओलांडून त्याच्या अंगणात गेलो. लवू सुपारी सोलत बसला होता. मोबाइलवर काढलेला बोळ्याचा फोटो मी त्याच्यासमोर धरला आणि आठवत होतं ते सगळं सांगून टाकलं. कान, लुंगी, फाटा, बुरशी. 'असणार' तेवढं राहिलं होतं, तेही सांगितलं.

त्याने चष्मा लावून फोटो नीट पाहिला. "ही तुझी लुंगी?"

"माझी नव्हे. पण माझीही अशीच. अशीच आत राहिली असणार." पुन्हा तोच शब्द तोंडातून गेला आणि मी जीभ चावली.

त्याने हातातली सुपारी बाजूला ठेवली. मी मार खायच्या तयारीने उभा होतो, खोटं कशाला सांगू. मग त्याने मान वळवून आत हाक मारली. "मथुरा! आधी भायेर ये. हा काय सांगतोय ता ऐक!"

मथुरा पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आली.

"सांग," लवू मला म्हणाला. "मोठ्यान सांग. परत सांग."

मी परत सांगितलं. लवू माझ्याकडे बघतच नव्हता. तो तिच्या तोंडाकडे बघत होता. निकाल लागल्यावर शाळेतलं पोर आईकडे बघतं तसा.

"म्हणजे यांनी ओढली नव्हती?" मथुराने मला विचारलं.

"मी पाहिली नव्हती वहिनी. कधीच नाही."

ती पायरीवर बसली. पिठाचे हात मांडीवर तसेच उघडे. म्हणाली, "डोक्यावर हात ठेवला होता माझ्या. मी तुमचा खरा धरला, भावोजी. यांचा नाय धरला."

लवू हसायला लागला. "अकरा वर्षां सांगतोय हिला! अकरा वर्षां!" हसता हसता उबळ आली. तो वाकला, छाती धरून खोकत राहिला. मी सवयीने 'ओढा अजून'ची वाट बघितली. मथुरा उठली, आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. त्याच्या पाठीवरून हात फिरवू लागली तशी त्याच्या सदऱ्यावर पिठाचा पंजा उमटला.

श्वास जागेवर आल्यावर लवू मला म्हणाला, "आता नाक्यावर सांग. देवळात पण."

"सांगतो."

"आणि संध्याकाळी ये बसायला."

त्याने शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी नाक्यावर सांगितलं, देवळातही सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं. काहींना विडीचीच गोष्ट अजून खरी वाटते.

संध्याकाळी आम्ही पूर्वीसारखेच गडग्यावर बसतो. लवू खोकतो. आतून आवाज येत नाही. इकडे चुलीपाशी गंगा भाकरी थापायची थांबते आणि खिडकीतून माझ्याकडे बघते.