बिनदुधाचं चॉकलेट

बाळाच्या लंगोटात रक्ताचे धागे दिसले त्या दिवसापासून घरातून दूध हद्दपार झालं. डॉक्टरीणबाईंनी बाळाच्या आईला समोर बसवून स्पष्ट सांगितलं, "दुधाचं काहीही तुमच्या पोटात गेलं की ते अंगावरच्या दुधातून याच्या पोटात उतरतं, आणि याला ते सोसत नाही. दूध, दही, लोणी, चीज, सगळं बंद. त्यानंतरही रक्त दिसलं, तर अंगावर पाजणं थांबवून डब्यातल्या खास पावडरीवर जावं लागेल."

ती म्हणाली, बंद म्हणजे बंद. छापखान्यात प्रुफं तपासणारी बाई ती, मुंगीएवढी अक्षरं वाचण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पाकिटाच्या पाठीवरचा मजकूर वाचल्याशिवाय ती तोंडात काही टाकेना. दह्यालोण्यावर तिने सहज पाणी सोडलं. पण चॉकलेट! कामाच्या टेबलाच्या खणात तिची मिल्क चॉकलेटची लादी कायम असायची, आणि एक प्रूफ संपलं की एक तुकडा, हा तिचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. हसण्यासारखीच गोष्ट आहे. पण जिला धड झोप नाही, जिच्या खांद्यावर दिवसभर एक जीव कळवळून रडतोय, तिला जगात एवढी एकच गोष्ट आपली वाटत असेल, तर हसणाऱ्याने जरा तिच्या जागी बसून पाहावं.

नवरा मालाची गाडी चालवायचा. वाटेत दिसेल त्या दुकानातून तो 'व्हीगन' लिहिलेलं काहीबाही उचलून आणू लागला. नारळाच्या दुधाचं आणलं, त्याला डोक्याच्या तेलाचा वास. ओटच्या दुधाचं आणलं, ते विरघळायचं सोडून टाळूला चिकटून बसलं. मग कॅरब नावाच्या कसल्याशा शेंगांचं आणलं. दुकानदाराने म्हणे छातीठोकपणे सांगितलं होतं, फरक कळणारच नाही.

"त्याला चॉकलेट आणि खडू यातला फरक कळत नसेल," ती म्हणाली, आणि हसता हसता रडायला लागली. मग ते रडणं काही केल्या थांबेना.

"साधं काळं, कडू आणू का?" नवऱ्याने बिचकत विचारलं.

"आणलं होतंस की मागे. बारीक अक्षरांत लिहिलेलं, दुधाचा अंश असू शकतो."

बाळंतपणाला आलेली तिची आई हे सगळं बघत होती. लेक वाळत चालली होती. ताटात हात घालायची आणि तसाच काढून घ्यायची. एके दिवशी बाळ किंचाळत असताना ती न्हाणीघराच्या दारात मटकन बसली आणि म्हणाली, "आई, मला नाही गं जमत. मला हा नकोसा झालाय."

"रड थांबव आधी," आई म्हणाली. "मी करते तुला चॉकलेट. एवढा संसार रेटला, एक चॉकलेट नाही जमणार?"

तिने काजू भिजवून वाटले, खजूर ठेचला, कोको आणि खोबरेल तेल घालून घोटलं. पहिला घाणा पोटिसासारखा. दुसरा इतका कडक, की लाटण्याने फोडावा लागला. जावयाने तोही कौतुकाने चघळला, आणि त्याची दाढ हलली. तिसऱ्या खेपेला मात्र फ्रिजमधून मऊ, तकतकीत चौकोन निघाले.

लेकीने एक तोंडात टाकला आणि ती थांबली. तिने डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं.

"कसं झालंय गं?" आईचा जीव टांगणीला.

"छान," ती म्हणाली, आणि दुसरा उचलला. यात काय काय घातलंय, हे तिने विचारलं नाही.

त्या दिवशी ती पोटभर जेवली. बाळाला गालाशी धरून "ढब्ब्या, लबाडा" म्हणाली. आई स्वयंपाकघरात उभ्याउभ्या डोळे पुसत होती. डबा संपला तसा तिने आणखी एक घाणा केला, मग आणखी एक.

आणि लंगोटात पुन्हा रक्त दिसलं. आता धागे नव्हते, चांगला डाग होता.

"काय वेगळं खाल्लंत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. नवऱ्याने घरातली सगळी पाकिटं पिशवीत भरून नेली होती, तो एकेक उलटून वाचून दाखवू लागला. ती खाली मान घालून बसली होती. बाईंनी हात टेकले आणि पावडरीचा डबा लिहून दिला.

घरी आल्यावर आई खुर्चीच्या कडेवर टेकली. हुंदका देऊन म्हणाली, "मीच घातली होती. दुधाची पावडर. चमचाभरच. म्हटलं, एवढ्याशाने काय होतंय... पोरगी जेवत नव्हती हो."

सासूसमोर कधी आवाज न चढवलेला जावई ताडकन उठला. "आई! तुम्ही? तुमच्या हाताने नातवाला..." आई खालमानेने आत गेली आणि आपले कपडे पिशवीत भरू लागली.

बाळ भुकेने टाहो फोडत होतं. लेक त्याला घट्ट धरून खोलीच्या दारात आली.

"तिला काही बोलू नकोस," ती नवऱ्याला म्हणाली. "मला कळलं होतं."

"काय कळलं होतं?"

"त्यात दूध आहे ते. पहिल्याच घासाला."

आईचे हात पिशवीतच राहिले. "अगं, मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू पुन्हा केलं नसतंस."

नवऱ्याने बाटलीत पावडर ढवळली आणि तिच्या हातातून बाळ काढून घेतलं. बाळाने तोंड फिरवलं, तिच्याकडे वळून वळून रडलं, आणि शेवटी भूक आवरेना तेव्हा बाटली ओढू लागलं. त्या रडण्याने तिला पान्हा फुटला होता. अंगातला गाऊन पुढून ओला होत गेला आणि ती नुसती बघत उभी राहिली.