वेल्ड केलेली तिसरी खुर्ची

मुलाने आणि सुनेने परदेशातल्या एका अनाथालयातून सात वर्षांची मुलगी दत्तक घेण्याचे ठरवले, त्याच सुमारास सुनेने आणखी एक निर्णय घेतला : घरातली दोन्ही मुले पुढचे वर्षभर शाळेऐवजी घरीच शिकतील. येणाऱ्या मुलीला आपली भाषा येत नाही. शाळेत तिला लहानांच्या वर्गात बसवतील आणि ती एकटी पडेल. तिघे मिळून घरी शिकले, तर हा प्रश्नच उद्भवणार नाही. हा युक्तिवाद मला सुसंगत वाटला.

तिघांनी बसून शिकायच्या बाकाचे काम माझ्याकडे आले. तंत्रशाळेच्या वर्कशॉपमध्ये मी आयुष्यभर शिकवले. चौकोनी पाइपचा सांगाडा उभा करणे हा माझ्या हातचा मळ. एक लांब टेबल आणि त्यालाच जोडलेल्या तीन खुर्च्या, म्हणजे ओढाओढ नको की करकर नको. नात आणि नातू यांची मापे त्यांना स्टुलावर बसवून घेतली. तिसरे माप दत्तक देणाऱ्या संस्थेने पाठवलेल्या फोटोवरून काढले. त्यात ती मुलगी एका दाराला टेकून उभी होती. दाराची उंची नेहमीची धरून त्रैराशिक मांडले आणि तिचे पाय जमिनीला टेकतील अशा बेताने खुर्ची वेल्ड करून टाकली.

"बाबा, पोरीला न बघताच?" मुलगा म्हणाला.

"गणित बघून केली आहे," मी म्हणालो.

संस्थेच्या बाई घर पाहायला आल्या. त्यांची शिफारस गेली नाही, तर मुलगी येणार नव्हती. खोल्या, खिडक्यांचे गज, औषधांचे कपाट सारे त्यांनी शांतपणे पाहिले आणि टेबलापाशी त्या थांबल्या.

"ही बुटकी कोणाची?"

"तिची. फोटोवरून माप काढलं."

"आजोबा, तो फोटो दोन वर्षांपूर्वीचा आहे. परवाच व्हिडिओ कॉलवर बोलले मी तिच्याशी. चांगली ताडमाड झाली आहे."

ताडमाड या शब्दावर नातू फिदीफिदी हसला. नात बुटक्या खुर्चीत बसली, तर टेबल तिच्या हनुवटीला लागले. "अय्या, ही तर माझ्या बाहुलीची!"

जॉब, म्हणजे ज्यावर काम करायचे ती वस्तू, हातात आल्याशिवाय तिला धरून ठेवणारे फिक्स्चर करायचे नाही, हे मी प्रत्येक तुकडीला पहिल्याच आठवड्यात सांगत असे. मी चष्मा पुसत राहिलो.

बाई सुनेकडे वळल्या. "आणि घरी शिकवायचं? तेही असंच वेल्ड झालंय का?"

"म्हणजे?"

"तिला शाळा आवडते. सुट्टीच्या दिवशीसुद्धा दप्तर भरून बसते, असं तिथल्या ताई सांगत होत्या. तुम्हाला कुणी बोललं नाही?"

"नाही," सून म्हणाली. "मी विचारलंही नाही."

स्वयंपाकघरातून दूध उतू गेल्याचा वास आला. कोणी उठले नाही.

"ती एकटी पडू नये, एवढंच होतं मनात," सून म्हणाली. "ती आली की आधी तिलाच विचारू. शाळेत जाते म्हणाली, तर तिघंही जातील. घरी म्हणाली, तर घरी."

"म्हणजे मला परत शाळा?" नातू ओरडला. "मी तर वर्गातल्या बाईंना टाटा करून आलो!"

"मग जाऊन हॅलो कर," त्याचा बाप म्हणाला.

संस्थेच्या बाई हसल्या. पण पेन त्यांनी बंद केले नाही. "अहवाल आजच लिहायचा आहे. जे दिसेल तेच लिहीन."

मी गच्चीवरून लोखंड कापायचा ग्राइंडर आणला. ठिणग्या उडू लागल्या तशा बाईंनी मुलांना मागे ओढले आणि स्वतः पदराने नाक झाकून उभ्या राहिल्या. तिसरी खुर्ची सुटली. जोड जिथे होता तिथे चकचकीत डाग राहिला; तो मी रंगवला नाही.

महिन्याभराने होकार आला. खुर्चीच्या पायांना आता, उंची कमीजास्त करता यावी म्हणून, खालून वर ओळीने भोके पाडली आहेत. बोल्ट डबीत आहेत. कोणत्या भोकात घालायचे, हे ती बसल्यावर बघू.