रत्नव्वांची मूठ

माझी जीभ जरा तिखट आहे. पेशंटनं व्यायाम टाळला की मी त्याचं वय बघत नाही, आणि कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या माझ्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून अठ्ठ्याण्णव सालची ही गोष्ट मी अधूनमधून स्वतःलाच सांगत असते.

कागलकडच्या एका खेड्यातून बसाप्पा आपल्या बायकोला, रत्नव्वांना, दर मंगळवारी एसटीनं घेऊन यायचे. कडबाकुट्टीच्या यंत्रात रत्नव्वांचा डावा हात मनगटापासून गेला होता. जखम छान भरली होती. दुखत होती ती नसलेली मूठ. "आवळून ऱ्हायलीया बाई. नखं रुतत्यात," त्या सांगायच्या. असं पुष्कळांना होतं. हात जातो, पण मेंदूला ते पटत नाही. अशा वेळी हाताचं उरलेलं टोक चोळायचं, हलकं थोपटायचं आणि डोळे मिटून मनातली मूठ सोडवायची. रत्नव्वा मात्र तो हात पदराबाहेर काढायलाच तयार नव्हत्या. दिवसेंदिवस वाळतही चालल्या होत्या.

सहाव्या मंगळवारी मी चिडले. "रत्नव्वा, डावा गेला हे नशीब समजा. उजवा गेला असता तर? डाव्याचं काम काय, नुसतं धरायचं." हे मी सगळ्यांनाच ऐकवायचे आणि लोक हसायचे. त्या हसल्या नाहीत. उठल्या आणि बाहेर बाकावर जाऊन बसल्या.

बसाप्पा मागे थांबले. सदऱ्यातून गळ्यातली चांदीची डबी काढून त्यांनी मला दाखवली. "बाई, आमच्यात लिंगपूजा झाल्याबिगर अन्न घेत न्हाईत. आन् लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं असतंय. तीन म्हैनं झालं, दूध-केळ्यावर हाय ती. मठातलं स्वामी म्हणालं, उजव्यावर घे, चालतंय. तिला पटंना."

जन्म कोल्हापुरात गेला, शेजारीपाजारी लिंगायतांची घरं, आणि मी त्या बाईला सांगत होते, नुसतं धरायचं. मला माझीच लाज वाटली. बाहेर जाऊन त्यांच्याशेजारी बसले आणि म्हटलं, "चुकले मी."

त्यांनी पदर हातावर आणखी ओढून घेतला. मग म्हणाल्या, "हात हाय की माझा. मला कळतोय. पर मिटलाय. मिटल्या मुठीवर देव कसा ठेवू?"

"मग उघडूया," मी म्हटलं. "देव ठेवायचा हात आहे, तर तसा तयार करूया."

त्या दिवशी हात पदराबाहेर आला. पुढे महिनाभर त्यांनी तो आधी मऊ कापडानं चोळला, मग खरबरीत कापडानं, मग हरभऱ्याच्या डाळीत खुपसला. हात उताणा धरून टोकाशी लिंबू तोलायला मी शिकवलं. लिंबू सारखं घरंगळायचं. मी एकदाही ओरडले नाही, आणि माझ्यासाठी हे काही थोडं नव्हतं. मूठ मात्र सुटत नव्हती.

मग एका मंगळवारी त्या कपाळाला विभूती लावून आल्या. "आज लिंबू नगं," म्हणाल्या. मी चपला बाहेर काढल्या, चटई अंथरली. मांडीवर उशी, उशीवर उताणा हात. उजव्या हातानं त्यांनी डबीतलं लिंग काढलं आणि टोकाशी ठेवलं. ते डळमळलं. पडलं तर ही बाई पुन्हा अन्नाला शिवणार नाही, हे मला कळत होतं, आणि दुसऱ्याच्या लिंगाला मी तर हातही लावू शकत नव्हते. हळूहळू ते स्थिरावलं. रत्नव्वा मान वाकवून त्याच्याकडे एकटक बघत राहिल्या.

बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "सुटली."

"काय?"

"मूठ. बोटं उघडली बाई. गार वाटाय लागलंय."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

लिंग पुन्हा डबीत गेलं. बसाप्पांनी पिशवीतून फडक्यात बांधलेली भाकरी काढली. दर मंगळवारी आणत होते म्हणे, आणि तशीच परत नेत होते. रत्नव्वांनी भाकरी डाव्या हाताच्या टोकानं दाबून धरली आणि उजव्यानं तुकडा मोडला. हेच तर मी दहा आठवडे त्यांना शिकवायला धडपडत होते.

"बरोबर हाय तुमचं," घास चावत त्या म्हणाल्या. "डावा नुसता धरायलाच लागतोय."