नारायणाच्या देवळाची किल्ली

देवळावर कळस चढला आणि नेपाळातल्या पाटणच्या दरबार चौकात ढोलांनी नुसता कहर केला. लोकांचा आनंद गगनात मावेना, आणि द्वारिका गुरूंचं तोंड मात्र उतरलेलं! पिढीजात पुजारी ते. पण खरं सांगायचं तर भूकंपाने देऊळ पाडून नारायणाला बेघर केलं, तेव्हा सुटका झाली होती ती यांची एकट्याची, रोजच्या पूजेतून.

देवाला कलशात उतरवून शेजारच्या देवळात ठेवलं. तिथला पुजारी पूजा करी, आणि गुरू पोखऱ्याला लेकीकडे. पाटणच्या धुळीने त्यांच्या बायकोचा, शारदेचा, दमा उसळतो, म्हणून ती तिथेच असायची. बायकोबरोबर सकाळचा चहा काय असतो, ते गुरूंना चाळीस वर्षांच्या संसारात देऊळ नसलेल्या या आठ वर्षांतच कळलं. त्याआधी रोज पहाटे देऊळ. एक दिवस चुकला नव्हता.

देवळाची व्यवस्था बघणाऱ्या मंडळाचे, म्हणजे गुठीचे, थकाली, त्यातले सगळ्यात वडीलधारे प्रमुख म्हातारे अष्टमान, किल्ली घेऊन समोर आले.

"थकाली, भक्तपूरचा माझा चुलतभाऊ बदलीला तयार आहे," गुरू म्हणाले.

"धडधाकट असताना बदली? सुतक पडलं तरच बदली, गुरू. तुमच्या वडलांनी असं तोंडातून तरी काढलं असतं का?"

"बायको तिथं, मी इथं. ही कसली रीत?"

"त्यांना इकडं आणा की."

"धुळीत मारायला?"

थकालींनी किल्ली पुढे केली. आठ वर्षं दारोदार फिरून देऊळ उभं केलं होतं बिचाऱ्यांनी. गुरूंच्या हातात किल्ली ठेवून ते पायाशी वाकले. आता नाही कसं म्हणणार?

देवळामागे जाऊन गुरूंनी फोन लावला. सगळं ऐकून शारदा हसली.

"म्हणजे मी मेले की तुम्हाला रजा!"

"काहीतरीच काय बोलतेस?"

"खोटं आहे का? आजारी पडले तर नाही. शेवटचं पाणी पाजायला नाही. मेले की मात्र तेरा दिवस हक्काचे."

पलीकडे तिला खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत ते फोन कानाला लावून तसेच उभे राहिले.

"अहो, ऐकताय ना?" तिला अजून धाप लागत होती. "किल्ली जानव्याला बांधा. मागे एकदा हरवली होतीत."

गुरूंनी जानवं बाहेर काढलं आणि दोनदा गाठ मारली.

"बांधली," ते म्हणाले.