चेंबरवरची खुर्ची

आमच्या गल्लीच्या वळणावरच्या चेंबरचं झाकण कोणीतरी पळवलं, त्याला सात महिने झाले. पालिकेच्या ऑफिसात चार अर्ज दिले, चारही वेळा "नोंद घेतली" एवढंच उत्तर आलं. शेवटी कोपऱ्यावरच्या शिंप्याने आपली मोडकी प्लास्टिकची खुर्ची त्या भोकात उलटी खोचली, वर लाल चिंधी बांधली आणि विषय संपला. लोक पत्ता सांगतानासुद्धा "खुर्चीपासून डावीकडे" म्हणू लागले.

मला मात्र ती डोळ्यांत खुपायची. मी वसाहतीच्या सुरक्षा समितीचा सचिव. निवृत्त माणसाच्या हाती शिक्का आला की त्याच्या अंगात काय संचारतं, ते माझ्याकडे बघून कळलं असतं.

"सुरक्षित वसाहत" स्पर्धेची पाहणी ठरली. पालिकेचे साहेब लोक दुपारी चारला येणार होते. तीनला, सगळे आडवे झालेले असताना, मी खुर्ची उपटून गच्चीवर नेली. एका भंगार कपाटाची पाठ, पातळ प्लायची, भोकावर टाकली, वर माती पसरली आणि पायाने थोपटली. काम इतकं बेमालूम झालं की माझं मलाच कौतुक वाटलं. पाहुण्यांची पाठ वळली की खुर्ची परत लावायची, असं मनाशी ठरवलं होतं.

त्याच संध्याकाळी आमचा पहिला नंबर जाहीर झाला. फोटो झाले, भाषणं झाली, माझ्या हातात ढाल आली. मी असा हवेत तरंगत होतो की खुर्ची पार विसरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या घरातून दादा, माझा मोठा भाऊ, दूध आणायला निघाला. वय सत्त्याहत्तर, हातात काठी. लहानपणापासून माझ्या सगळ्या उचापतींवर पांघरूण घालणारा हाच. प्लाय त्याच्या वजनाने मोडली. शिंप्याने आणि मी त्याला दोर लावून वर काढलं. डोकं कडेवर आपटलं होतं. "चष्मा बघ रे खाली," एवढंच तो म्हणाला. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्येच वारला.

आठवड्याने बैठक झाली. लोक पेटले होते.

"खुर्ची काढली कोणी?" शिंप्याने विचारलं.

"दुसरं कोण? त्या ऑफिसवाल्यांनीच," आमच्याच गल्लीत राहणारी एक नर्स म्हणाली. "पाहणीत लाज जाऊ नये म्हणून थूकपट्टी लावून मोकळे झाले."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. भेकड आहे मी, दुसरं काय.

"तक्रार तुम्हीच लिहा, सचिव," शिंपी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला. "तुमच्याच घरातलं माणूस गेलंय."

मी दोन पानं लिहिली. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं, याचीच शिसारी आली. खाली दादाच्या बायकोची सही हवी होती.

वहिनी पलंगावर बसून दादाच्या स्वेटरच्या घड्या घालत होत्या. मी कागद पुढे केला. "सगळ्यांचं म्हणणं आहे, ऑफिसला सोडायचं नाही."

त्यांनी चष्मा लावून दोन्ही पानं वाचली. घाई नाही, काही नाही. मग कागद माझ्या हातात परत दिला.

"हे खोटं आहे, भावजी. मी खिडकीत होते त्या दिवशी."

मी खाली फरशीवर बसलो. "वहिनी, मी परत लावणार होतो हो ती खुर्ची. विसरलो. शप्पथ, नुसता विसरलो." लहान पोरासारखा हुंदका फुटला. "मग इतके दिवस बोलला का नाहीत? सगळ्यांसमोर माझं नाव घ्यायचं होतंत."

"कोणत्या तोंडानं घेऊ?" त्यांनी स्वेटर मांडीवर ओढून घेतला. "खुर्चीला वळसा घालून ते रोज रस्त्याच्या मधून चालायचे. गाड्या अंगावर यायच्या. मला सारखी धास्ती. त्या सकाळी चप्पल घालताना मीच त्यांना म्हटलं, आता कडेनेच जा. भावजींनी स्वतः उभं राहून ते भोक बुजवलंय."