टिचकी न मारता घेतलेलं मडकं

मी मडकं बोलतोय. घाबरू नका, आत काही नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण मला बघून चांगली शिकली-सवरलेली माणसं खाटेवर चढून बसलेली मी पाहिली आहेत.

माझा जन्म शिराळ्याचा. नाथाजी कुंभारानं माती चाळली, तीत लीद आणि राख घालून ती पायानं तुडवली आणि मला चाकावर चढवलं. मग आतून दगडी गोळा धरून बाहेरून लाकडी चोपण्यानं असं बडवलं की काही विचारू नका. साध्या मडक्याच्या वाट्याला एवढा मार येत नाही. पण मला पाण्यासाठी घडवलंच नव्हतं. नागपंचमीच्या आधी आमच्या गावात नाग धरून आणतात, आणि सणापर्यंत तो मडक्यात राहतो. त्या मडक्याची भिंत जाड लागते.

मडकं कसं विकत घेतात हे तुम्हाला ठाऊक आहे. हातात घ्यायचं, बोटानं टिचकी मारायची, कान द्यायचा. माझ्याबरोबर भाजलेल्या प्रत्येकाला दहा-दहा टिचक्या मिळाल्या. मला एकही नाही. नागाचं मडकं म्हटल्यावर, घ्यायला आलेल्या चंद्राबाईनं फक्त माझं तोंड आणि जाडी पाहिली आणि मला कडेवर घेऊन ती घरी गेली. आपला आवाज कसा आहे हे मला त्यामुळे कळलंच नाही.

ते साल १९७४. आठ दिवस माझ्या पोटात नाग राहिला. पाहुणा गरीब होता. दिवसभर वेटोळं घालून पडायचा आणि कंटाळला की एक फूत्कार सोडायचा. पंचमी झाली, मिरवणूक झाली, आणि चंद्राबाईच्या मुलानं, गुंडानं, त्याला ज्या बांधावरून आणला होता त्याच बांधावर नेऊन सोडला. त्याचा एक दातही कुणी काढला नव्हता.

हा गुंडा मिरजेच्या एका मेडिकल कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होता. डॉक्टर होणारा पोरगा आणि नाव गुंडा, म्हणून आधीच थट्टा. त्यात गाव शिराळा कळल्यावर वसतिगृहानं त्याचं नाव गारुडी ठेवलं. तो हसून घ्यायचा, पण ते त्याला लागायचं. गारुडी दात काढलेला नाग पेटीत घालून पैसे मागत फिरतो. आमच्या गावात नाग म्हणजे घरी आलेला देव.

त्या वर्षी कॉलेजात सगळ्या प्रांतांचा मेळा ठरला होता. पोरं तरी कुठकुठली होती तिथं. पंजाबातली होती, केरळातली होती, इंफाळची दोन होती. मॉरिशसहून आलेला एक जण आपल्या पणजोबांची मराठी बोलायचा. प्रत्येकानं आपल्या मुलखातलं काहीतरी मंचावर आणायचं. गुंडानं शिराळ्याची पंचमी सांगायला नाव दिलं आणि आईला पत्र टाकलं. चंद्राबाईनं ते अख्ख्या आळीसमोर वाचून घेतलं आणि ठरवलं, आपण जाऊन बघायचं. पंचमीला घरी आलेला गुंडा परत निघाला तेव्हा तिनं मला त्याच्या हातात दिलं. आत देवाच्या लाह्या आणि कुंकू होतं, ते सांडू नये म्हणून तोंडाला फडकं बांधलं.

त्या फडक्यानं घात केला. एस्टीत कंडक्टरनं विचारलं, आत काय आहे? गुंडा सरळ मनाचा. म्हणाला, "परवापातूर नाग हुता." त्यातलं 'परवापातूर' कुणी ऐकलंच नाही. आमचा बाक रिकामा झाला आणि मागच्या तीन बाकांवर अकरा माणसं मांडीला मांडी लावून बसली.

वसतिगृहात तर कहरच झाला. गुंडा म्हणायचा आत नुसत्या लाह्या आहेत. पोरं म्हणायची, उघडून दाखव. तो फडक्याला हात घालायचा आणि पोरं पळायची. रेक्टरसाहेबांच्या कानावर गेलं. त्यांनी मला आवाराबाहेर काढायचा हुकूम सोडला आणि गुंडाचं नाव यादीतून खोडलं. आई तर रविवारी येणार होती. तिला आता नको म्हणून कसं कळवायचं, आणि कारण काय द्यायचं? देवाला आवारात येऊ दिलं नाही म्हणायचं? त्यानं पत्र लिहायला घेतलं आणि दोनदा फाडलं.

मला बाहेर टाकायचा हुकूम होता, पण हात लावणार कोण? गुंडानं मला उचलून मेसच्या मागं लिंबाखाली ठेवलं. तिथं आधीच एक दुःखी जीव बसलेला होता. त्याचं नाव पंचापकेशन. एवढं नाव कोण घेणार, सगळे त्याला पंचू म्हणायचे. तमिळ मुलखातला पोरगा, घटम वाजवायचा. घटम म्हणजे आमच्याच जातीचं, पण गाण्यासाठी भाजलेलं मडकं. ते आणायला तो मुद्दाम गावी जाऊन आला होता. पण मिरजेच्या फलाटावर छोट्या रुळांच्या गाडीतून मोठ्या रुळांच्या गाडीकडे धावणाऱ्या गर्दीत कुणाचीतरी ट्रंक लागली आणि घटमाचे तुकडे झाले. मेसमधली चार मडकी त्यानं वाजवून बघितली होती. सगळी भद्द बोलली. आता रविवारी आपण काय करायचं, या काळजीत तो रोज लिंबाखाली येऊन बसायचा.

शुक्रवारी दुपारी कॉलेजचे दोन तंबोरे लावून द्यायला बादशहाभाई आले. मिरजेत तंबोरे घडवणाऱ्या घरातले म्हातारे. सगळा जन्म ठोकून-ऐकून भोपळे निवडण्यात गेलेला. हात धुवायला मागं आले, मी दिसलो, आणि सवयीनं त्यांचं बोट माझ्या अंगावर पडलं. टिचकी.

काय सांगू तुम्हाला. माझ्या अंगातून असा एक आवाज निघाला, खोल आणि गोल, की माझाच विश्वास बसेना. एवढं बडवून घेतलं ते फुकट गेलं नव्हतं. बादशहाभाईंनी कान लावला, पुन्हा टिचकी मारली, आणि पंचूकडे बघून म्हणाले, "ह्या पोटात सूर हाय रं."

पंचू हात पुढं करणार तेवढ्यात त्याला आठवलं हे कुठलं मडकं ते. त्यानं हात मागं घेतला. मग गुंडानं फडकं सोडलं आणि कोपरापर्यंत हात माझ्या पोटात घातला. मूठभर लाह्या काढल्या आणि तोंडात टाकल्या. बादशहाभाईंनी हात पसरला आणि चार लाह्या घेतल्या. पंचूनं दोघांकडे पाहिलं आणि शेवटी त्यानंही एक घेतली. एकच घेतली, पण खाल्ली.

उरलेलं सगळं फडक्यात ओतून, मला मांडीवर घेऊन त्यानं जे सुरू केलं त्याला काय म्हणावं मला माहीत नाही. दहा बोटं, तळवे, मनगटं, सगळ्यांचं मिळून माझ्याशी बोलणं चाललं होतं. बादशहाभाईंनी आतून तंबोरा आणून छेडला, पण माझा सूर त्याच्याशी जुळेना. पंचूचा चेहरा पुन्हा पडला. बादशहाभाईंनी खुंटीला हात घातला.

"मडक्याला काय खुंट्या हायत व्हय?" ते म्हणाले. "ज्याला उतरता येतंय त्यानं उतरावं. तंबोरा उतरवतो मी."

आणि त्यांनी तो माझ्यासाठी उतरवला. मातीच्या मडक्यासाठी तंबोऱ्यानं खाली यावं, हे ऐकलं असतं तर नाथाजी कुंभारानं काम सोडून तोंडात बोट घातलं असतं.

पंचू तसाच उठून रेक्टरसाहेबांकडे गेला. त्याच्या मोडक्यातोडक्या मराठीत त्यानं सांगितलं की मी हेच मडकं वाजवणार, आणि हे कुठलं ते गुंडा सांगणार, नाहीतर माझंही नाव खोडा. रेक्टरसाहेब वाईट नव्हते, फक्त भित्रे होते. ते स्वतः लिंबाखाली आले, बॅटरी मारून माझ्या पोटात बराच वेळ डोकावले आणि हूं म्हणून गेले. संध्याकाळी खोडलेलं नाव पुन्हा लिहिलेलं होतं.

रविवारी मंडप भरला, पण पुढची जाजमाची रांग रिकामी. माझ्यामुळे. त्या रांगेत एकटी चंद्राबाई बसली होती, नवं लुगडं नेसून, ताठ. गुंडा उभा राहिला. पाठ केलेलं इंग्रजी भाषण तो पहिल्याच वाक्याला विसरला. आईकडे बघितलं आणि गावच्या बोलीत सुरू झाला.

"ह्यात आठ दिस नाग हुता. आमी त्येचा दात काढला न्हाई, त्येनं आमाला चावा घेतला न्हाई. सण झाला, त्येच्या बांधाला नेऊन सोडला. मला समदी गारुडी म्हनता. गारुडी न्हाई मी. आमी भ्यालेलं असतोच की. भ्यालेलं असून हात पुढं करायचा, एवढीच आमच्या गावाची पंचमी हाय."

कुणी हसलं नाही. पंचूनं माझं तोंड प्रेक्षकांकडे धरून रिकामं पोट दाखवलं, मग मला पोटाशी घेतलं आणि वाजवायला लागला. मला जेवढं येत होतं तेवढं मी सगळं दिलं. मधेच पाहिलं तर इंफाळची दोघं पुढच्या रांगेत येऊन बसली होती. मग केरळच्या पोरी आल्या. मग पंजाबी आले आणि जागेवरून भांडायला लागले. शेवटी रांगेत चंद्राबाईला पाय हलवायला जागा राहिली नाही.

संपल्यावर पंचू खाली उतरून तिच्यापुढं वाकला. देवाच्या मडक्यावर हात चालवला, चूक झाली का, असं त्याला विचारायचं होतं. शब्द सापडेनात, पण तिला कळलं. तिनं आधी मला हळदीकुंकू लावलं, मग बोटाला उरलेलं कुंकू त्याच्या कपाळाला टेकवलं.

"लेकरा, नाग आठ दिस पावना हुता, ह्यात गप पडून ऱ्हायला," ती म्हणाली. "तू आलास तवा ते बोललं. ऱ्हाऊ दे आता तुझ्याकडंच."

त्या दिवसापासून गारुडी हे नाव वसतिगृहात पुन्हा कुणी घेतलं नाही. पुढची चारही वर्षं मेळा माझ्या टिचकीनं सुरू झाला.

आज मी मिरजेच्या फलाटावर आहे. पंचू डॉक्टर होऊन छोट्या गाडीनं गावी निघालाय आणि मला नेतोय. काठाला एक बारीक चीर आहे, सूर मात्र शाबूत आहे. चंद्राबाईच्या वाकळेत गुंडाळून गुंडानं मला इथवर आणलं, गर्दीला पाठ देत. तुम्हाला जाता जाता एवढंच सांगतो. कुणाच्या पोटात काय आहे हे लांबून ठरवू नका. जवळ जा, टिचकी मारा, कान द्या.

डबा खच्चून भरलाय. पंचू मला छातीशी धरून उभा आहे, आणि मागून एक मोठी ट्रंक येते आहे. खिडकीबाहेर गुंडाचा चेहरा पांढरा पडलाय. एक प्रवासी वाकळेकडे बोट दाखवून विचारतोय, आत काय आहे?

पंचू खिडकीतून एकदा गुंडाकडे बघतो. मग अस्सल शिराळ्याच्या बोलीत म्हणतो, "जरा सरका. नाग हाय."

सगळा बाक आमचा झालाय.